शॉकअब्सॉर्बरविना विंटेज मोटार

चाकाखाली खड्डा किंवा गतिरोधक आला की पहिला हादरा टायर आणि स्प्रिंग झेलतात. दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा लगेच परत देते. गाडी वर उसळते, खाली बसते आणि पुन्हा उसळते. ही उसळण थोपवण्याचे काम शॉकअब्सॉर्बर करतो. त्यातला दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन हवेत निघून जाते. शॉकअब्सॉर्बर धड असेल तर गाडी एक-दीड हेलकाव्यात स्थिरावते. तो काढून टाकला तरी वजन स्प्रिंगच पेलत असल्यामुळे गाडी खाली बसत नाही आणि चालूही शकते. म्हणूनच ही उणीव पुष्कळदा किरकोळ समजली जाते. नुकसान मात्र पहिल्या किलोमीटरपासून सुरू झालेले असते.

सुरुवातीच्या काळातील सगळ्याच मोटारींना शॉकअब्सॉर्बर नव्हते. १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी संख्येने बनलेली फोर्ड मॉडेल टी कारखान्यातून त्यांच्याविनाच बाहेर पडे. तिला पुढे आणि मागे स्प्रिंग म्हणून आडवे कमानपाटे होते. गाडी दबताना एकावर एक बसवलेले पाटे आपसात घासतात आणि या घर्षणात उसळीचा काही जोर जिरतो. गाडी हलकी होती, वेगही बेताचा होता, त्यामुळे एवढ्यावर भागत असे. वेग वाढले तसे हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील त्रुफो आणि अमेरिकेतील हार्टफर्ड यांनी घर्षणाच्या चकत्यांचे शॉकअब्सॉर्बर प्रचारात आणले. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए मोटारीला तेलाचे, दांडीने चालणारे शॉकअब्सॉर्बर कारखान्यातच बसवलेले होते. आज सर्वत्र दिसणारे नळीच्या आकाराचे शॉकअब्सॉर्बर दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले.

तेव्हा प्रत्येक जुनी मोटार कोणत्या हिशेबाने बांधली गेली, हे आधी पाहावे लागते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात दिसणारी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार १९३० च्या दशकातील आहे. राजाराम महाराजांच्या काळातील या गाडीचे मॉडेल एसडब्ल्यू ३८ हे आहे. एसडब्ल्यू मालिकेत मागचा एक्सल अखंड नसून त्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळे झुलतात. अशा रचनेत चाक वर-खाली होताना त्याचा कलही बदलतो. झुलणे आवरणारे काही नसेल तर वळणावर टायरची पकड एकाएकी सुटण्याचा धोका असतो. मॉरिस मायनरसारख्या काही गाड्यांत तर पुढच्या शॉकअब्सॉर्बरची दांडी हाच चाक धरून ठेवणारा वरचा दुवा असतो. तो काढला तर गाडी जागची हलवणेही धोक्याचे आहे.

चाके, स्टिअरिंग आणि ब्रेक

पहिला परिणाम टायरवर होतो. एक्सल आणि चाक यांचे वजन टायरच्या हवेवर सेकंदाला साधारण दहा वेळा थरथरू शकते. ही थरथर आवरली नाही तर टायर रस्त्यावर टेकतो, सुटतो आणि पुन्हा टेकतो. परिणामी टायर ठिकठिकाणी चट्ट्यांसारखा झिजतो. चाक अधांतरी असेल त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात.

पुढचा एक्सल अखंड असलेल्या गाड्यांत किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती खीळ), बुश आणि स्टिअरिंगचे सांधे सैल होतात. मग ठराविक वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. सळ्यांनी चालणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये आणखी एक भर पडते. एक्सल वर-खाली झाला की सळीवरचा ताण बदलतो, ब्रेक कमी-अधिक लागतो आणि गाडी एका बाजूला ओढली जाते.

कमानपाटे, चासी आणि बॉडी

पाट्याचा प्रत्येक हेलकावा म्हणजे पोलादाचे एक वाकणे. ही वाकणी अनेक पटींनी वाढली की धातू थकतो आणि पाटा तुटतो. त्याआधी यू-बोल्ट सैल होतात, मधला बोल्ट कातरला जाऊ शकतो आणि एक्सल जागेवरून सरकतो. पाट्यांना ग्रीस लावणे एरवी चांगलेच, पण शॉकअब्सॉर्बर नसलेल्या गाडीत त्याने घर्षण घटते आणि उसळी वाढते.

जोराच्या हादऱ्यात एक्सल थेट रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि मार चासीला बसतो. रिव्हेट हलतात, ब्रॅकेटच्या कडेला भेगा पडतात. त्या काळच्या बहुतेक बॉडींचा सांगाडा लाकडी असे. त्याचे सांधे सुटले की दरवाजे नीट बसेनासे होतात. रेडिएटरचे झाळलेले सांधे गळू लागतात. यातले बरेच भाग आता बाजारात मिळत नाहीत, ते पुन्हा घडवावे लागतात.

वेग आणि रस्ता

गाडी हळू चालवली की धोका टळतो, हा समज अपुरा आहे. समजा, गाडीची नैसर्गिक लय सेकंदाला दीड हेलकावा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने ती सेकंदाला सुमारे ८.३ मीटर जाते. रस्त्यावर दर साडेपाच मीटरला उंचवटा असेल तर प्रत्येक धक्का अचूक लयीत बसतो आणि हेलकावे वाढतच जातात. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांखाली दबून लाटांसारखा झालेला डांबरी रस्ता कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात नवा नाही. कोल्हापूरहून गडमुडशिंगीपर्यंतचे थोडके अंतरसुद्धा अशा रस्त्यावर गाडीला महागात पडू शकते.

उपाय

गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. ती वर येऊन लगेच थांबली तर ठीक. दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअब्सॉर्बर तपासावा. दांडीच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये पुष्कळदा फक्त तेल उतरलेले असते. चकत्यांच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये नट आवळून ताण जुळवता येतो. झिजलेला शाफ्ट आणि बुश लेथवर नव्याने करून घेता येतात आणि शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहती असलेल्या कोल्हापूरला असे काम नवे नाही. चासीला नवे ब्रॅकेट वेल्ड करून आधुनिक नळीचे शॉकअब्सॉर्बर बसवण्याआधी मात्र विचार करावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी जागेवरच ठेवावी. हलवणे अटळ असेल तर ट्रेलरवर चढवून, एक्सल बांधून न्यावी. मुळातच शॉकअब्सॉर्बर नसलेल्या मॉडेल टीसारख्या गाड्या सपाट रस्त्यावर, त्यांच्या काळच्या वेगाने आणि घट्ट यू-बोल्टनिशी चालवता येतात. ज्या गाडीला शॉकअब्सॉर्बर दिलेले होते, तिचे पाटे, एक्सल आणि चासी मात्र त्यांच्या भरवशावरच बेतलेले असतात.