आमच्या शाळेचे कर्णे भिंतीवर कसे बसवले

शाळेच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दोन मोठे कर्णे आहेत ते तुम्ही येताना पाहिलेच असतील. त्यांच्याखाली तांबड्या रंगाचे जे लोखंडी त्रिकोण आहेत, ते बाजारातून आणलेले नाहीत. ते मामांनी, आमच्या गावच्या लोहारांनी आणि थोडेसे मीही केलेले आहेत. ते कसे केले हे लिहून काढ असे गुरुजींनी सांगितले म्हणून लिहीत आहे.

आधी कर्णा पडला कसा ते सांगतो, कारण त्यात माझा हात होता.

३० एप्रिल २०२४. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि निकाल. कर्ण्यांचे मूळचे नाल गंजून गेले होते, म्हणून मी आणि माझ्या चुलतभावाने एक कर्णा व्हरांड्याच्या पत्र्याखालच्या पाइपाला बांधणीच्या तारेने बांधला. चांगले सहा वेढे दिले होते. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारा असा की चिंचेच्या फांद्या जमिनीला टेकल्या. सकाळी येऊन पाहतो तो कर्णा खाली, त्याचे तोंड चेपलेले आणि फरशीला मोठी चीर. पहिलीची मुले ज्या जागेवर रांगेने बसतात, नेमकी तीच जागा. माझी धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती.

गुरुजी रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "सहा वेढे होते ना? मग तार का तुटली ते शोधून काढ."

मी मामांना विचारले. मामांचे तालुक्याला खिडक्या-दरवाजांचे वेल्डिंगचे दुकान आहे. त्यांनी मला तारेचा एक तुकडा दिला आणि म्हणाले, "हाताने ओढून तोड बघू." तुटली नाही. मग म्हणाले, "आता एकाच जागी वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर." थोड्याच वेळात ती जागा गरम झाली आणि तार कटकन तुटली. तुम्हीही करून बघा, पण तुटलेले टोक डोळ्यापासून लांब धरा. ओढल्याने जी तार तुटत नाही ती हलवल्याने तुटते. वाऱ्यात कर्णा रात्रभर मागे-पुढे डोलत होता, म्हणजे तार शेकडो वेळा वाकली. सहा वेढे होते तरी सगळे एकाच जागी वाकत होते. म्हणून कर्णा बांधायचा नसतो, बसवायचा असतो. बसवायचा म्हणजे तो हललाच नाही पाहिजे.

कर्ण्याला वारा एवढा का लागतो? त्याच्या आकारामुळे. मागच्या बाजूला जे गोल डबडे असते त्याला युनिट म्हणतात. त्यात एक पातळ पडदा असतो. मशीनमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून वीज आली की पडदा थरथरतो. पण पडदा लहान आणि बाहेरची हवा अफाट, त्याला ती नीट ढकलता येत नाही. अरुंद नळीतून हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा लावला की पडद्याची हवेवर पकड बसते. आपण लांबच्या माणसाला हाक मारताना तोंडाशी दोन हात धरतो तेच हे. कर्णा सरळ केला तर फार लांब होईल, म्हणून आत नळी पुढे जाते, उलटी वळते, पुन्हा पुढे येते. छत्रीच्या आत छत्री असावी तसे दिसते. लाउडस्पीकरवरून मोठ्या जमावाला बोलणे ऐकवायचा प्रयोग पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरगृहापुढे २४ डिसेंबर १९१५ रोजी केला, तेव्हापासून कर्ण्याचा आकार मूळ कल्पनेत तोच आहे. बोलणे त्यातून खणखणीत येते, ढोलाचा घुमारा मात्र येत नाही. त्याला याहून कितीतरी मोठे तोंड लागते.

तर आमच्या कर्ण्याचे तोंड ५० सेंटिमीटर व्यासाचे आहे. मामांनी हिशेब घातला तो असा. वारा ताशी ७२ किलोमीटर असला तर एक चौरस मीटर सपाट फळीवर सुमारे २४ किलोचा रेटा बसतो. आपल्या तोंडाचे क्षेत्रफळ ३.१४ × ०.२५ × ०.२५, म्हणजे जवळजवळ ०.२ चौरस मीटर. म्हणून रेटा झाला पावणेपाच किलोच्या आसपास. पण कर्णा फळीसारखा सपाट नाही, वाटीसारखा आहे आणि वाटीत वारा अडकतो, म्हणून दीडपट धरायचे. झाले सात किलो. किराणा दुकानातल्या काट्यावर कर्णा युनिटासकट ६ किलो भरला होता. म्हणजे वादळात वाऱ्याचा रेटा कर्ण्याच्या वजनापेक्षा जास्त! आणि वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. आम्ही तार बांधताना फक्त वजनाचा विचार केला होता. तोही हाताने उचलून.

आता ब्रॅकेट. मामा म्हणाले, "सातवीत गेलास ना? पायथागोरस शिकवलाय का?" मी म्हटले, अजून नाही, पुस्तकात मागे आहे. त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवले. उभी भुजा ४० सेंटिमीटर, ती भिंतीला लागते. आडवी भुजा ३० सेंटिमीटर, तिच्या टोकावर कर्णा. तिरपी ५० सेंटिमीटर, तिला टेका म्हणायचे. ४० चा वर्ग १६००, ३० चा ९००, बेरीज २५००, आणि ५० चा वर्गही २५००. म्हणजे तुकडे बरोबर कापले की काटकोन आपोआप येतो. तरी मामांनी गुण्या लावून पाहिलाच. (गणितावर विश्वास आहे, पण कापणाऱ्यावर नाही, असे ते म्हणाले. कापणारा मी होतो.)

त्रिकोणच का? चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडून बाजूने दाबा, तो पतंगासारखा कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही. काडी मोडेपर्यंत तो तसाच राहतो. बैलगाडीच्या, छपराच्या, सायकलच्या सांगाड्यात पाहा, सगळीकडे त्रिकोण सापडतील.

लोखंड घेतले ते ३५ × ३५ × ५ मिलिमीटरचा अँगल. एका मीटरला २.६ किलो वजन भरते. एका ब्रॅकेटला ४० + ३० + ५०, म्हणजे १२० सेंटिमीटर, म्हणजे तीन किलोच्या थोडे वर. दोन ब्रॅकेटांना सव्वासहा किलो. मी म्हटले, कर्णा सहा किलोचा आणि त्याला तीन किलोचे ब्रॅकेट, जरा जास्तच होते. मामांनी फक्त फरशीच्या चिरेकडे बोट दाखवले.

हॅक्सॉने कापताना नेहमी रेघेच्या बाहेरून कापायचे व उरलेले कानशीने घासायचे. कमी झालेले लोखंड परत वाढत नाही. वेल्डिंग मामांनी केले. आम्हा मुलांना तिकडे पाठ करून उभे केले होते. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि डोळ्यांना खरोखर इजा होते. मुलांनी वेल्डिंग करायचे नाही. वर चढायचेही नाही.

उभ्या भुजेला वर आणि खाली १६ सेंटिमीटरच्या आडव्या पट्ट्या जोडल्या, प्रत्येकीत दोन भोके. म्हणजे एका ब्रॅकेटला चार बोल्ट. दोनच बोल्ट एकाखाली एक घेतले असते तर वजन पेलले असते, पण बाजूचा वारा आला की ब्रॅकेट दारासारखे हलू लागले असते. आणि हलले की तारेची गोष्ट पुन्हा सुरू.

यानंतर नाल. कर्ण्याला दोन्ही बाजूंनी धरणारी घोड्याच्या नालेसारखी पट्टी असते ती. ४० × ५ मिलिमीटरची पट्टी घेतली. कर्ण्याच्या दोन कानांमधले अंतर २२ सेंटिमीटर, बाजू पंधरा-पंधरा. मी खुणा करून दिल्या. ५ मिलिमीटरची पट्टी थंड असताना काटकोनात वाकवली तर कोपऱ्याला बारीक तडा जाऊ शकतो, म्हणून आम्ही ती गावच्या लोहारकाकांकडे नेली. मी भाता मारला. पट्टी लालभडक झाली, काकांनी दोन घावांत कोपरा पाडला. काय सुंदर नाल झाला होता! आणि कर्णा त्यात बसेना. एक सेंटिमीटर कमी पडत होता. मी २२ बाहेरून मोजले होते. पट्टीची जाडी ५ मिलिमीटर एका बाजूला, ५ दुसऱ्या बाजूला, आत उरले २१. काका काही बोलले नाहीत, त्यांनी पट्टी पुन्हा विस्तवात घातली. ज्याला काही करायचे असेल त्याने हे लिहून ठेवा: ज्याच्या आत वस्तू बसवायची ते आतून मोजायचे. कानांची भोकेसुद्धा वाकवल्यावरच पाडली, आधी पाडली असती तर ती समोरासमोर आली नसती.

नालाच्या मध्यावर एक बोल्ट असतो, तो ब्रॅकेटच्या आडव्या भुजेत बसतो. एकच ठेवला तर कर्णा वाऱ्यात भोवऱ्यासारखा फिरतो. म्हणून दिशा ठरल्यावर बाजूला दुसरा बोल्ट मारला. दिशा कशी ठरवली? दोन्ही कर्ण्यांची तोंडे मैदानाकडे, वस्तीकडे एकही नाही. पलीकडे तान्ही मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत. दोन कर्णे मैदानाच्या दोन टोकांना लावू असे आधी ठरले होते, पण गुरुजींनी ते मोडून काढले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जवळच्यापेक्षा दुसरा कर्णा ३४ मीटर लांब असेल तर त्याचा शब्द सेकंदाचा दहावा भाग उशिरा येतो. मग एकाच शब्दावर दुसरा शब्द चढतो आणि प्रार्थना कालवण होते. म्हणून दोन्ही एकाच भिंतीवर. झेंड्याच्या खांबाला लावावे असे कोणीतरी म्हणाले, त्याला गुरुजींनी पहिल्यांदाच जोरात नाही म्हटले.

आमची भिंत नऊ इंची विटांची, जुनी. तिच्यात नुसते खिळे किंवा प्लग मारले तर विटेचा भुगा होऊन निघून येतात. म्हणून आरपार भोके पाडून १२ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळया घातल्या, आणि आतल्या बाजूने, म्हणजे चौथीच्या वर्गात, रुंद लोखंडी पट्ट्या लावून नट आवळले. चौथीच्या मुलांनी त्यांवर आता नकाशा अडकवला आहे. प्रत्येक सळईला दोन नट, एकावर एक. दुसरा पहिल्याला सैल होऊ देत नाही. लोखंडाला आधी रेडऑक्साइड, वाळल्यावर तेलरंग.

कर्णा चढवण्यापूर्वी मामांनी ब्रॅकेटच्या टोकाला २५ किलो वाळूचे पोते टांगले आणि एक रात्र तसेच ठेवले. म्हणजे कर्ण्याच्या चौपट. टोकाची उंची आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. सकाळी सुतभरसुद्धा फरक नव्हता. मग कर्णे चढले. तोंड किंचित खाली झुकवले, म्हणजे पावसाचे पाणी आत साठत नाही. तारेला युनिटाच्या खाली झोळ दिला, पाणी झोळावरून टपकते, युनिटात शिरत नाही. आणि एक गोष्ट आजोबांनी सुचवली. आमच्या गोठ्यातली गाईची जुनी साखळी कर्ण्याच्या नालातून ओवून वेगळ्याच सळईला अडकवली. सगळे नट निघाले तरी कर्णा खाली यायचा नाही, लोंबकळेल. या कामाच्या वेळी मशीन बंद करून वायर काढून ठेवली होती. आमच्या मशीनची लाइन १०० व्होल्टची आहे, तिचाही झटका बसतो.

पालकांपैकी पुष्कळजण लग्नात, उरुसात कर्णे ट्रॅक्टरला किंवा झाडाला बांधतात. त्यांनी निदान साखळी तरी घालावी. लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि सन २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे गुरुजींनी लिहायला सांगितले आहे.

१५ ऑगस्टला पाऊस होता. वारा पण होता. पहिलीची मुले आता त्या भिंतीपासून लांब बसतात, पण माझे लक्ष भाषणाकडे नव्हते, वरच होते. कर्णे हलले नाहीत.

मामांनी प्रत्येक नटावरून सळईवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गुरुजी शिडीवर चढून पाहतात, मी खाली शिडी धरतो आणि वहीत लिहितो. ऑक्टोबरमध्ये डावीकडच्या वरच्या नटाची रेघ केसभर सरकलेली होती. पाना वर दिला, अर्धा वेढा आवळला, रेघ नवी ओढली.