शिल्लक म्हणजे चोरी नव्हे

काशीला अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर आमचा यात्रेचा गट सकाळी टेकला होता. पूर नुकताच ओसरला होता आणि खालच्या पायऱ्यांवरचा गाळ माणसे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने नदीत ढकलत होती. शेजारी बसलेल्या गृहस्थांचा नातू पुण्याच्या एका विनाअनुदानित शाळेत आहे. मी अकरा वर्षे एका शिक्षणसंस्थेची खजिनदार होते, हे कळताच ते म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण संस्था धर्मादाय, तर वर्षअखेरीला पैसे उरतातच कसे? ही माउली बघा. घाट बांधला आणि देऊन टाकला. हिशेब नाही की काही नाही."

हे वाक्य मी पालकसभेत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला शांतपणे उत्तर देणे आता जड जाते. 'ना-नफा' म्हणजे 'शिल्लक शून्य' असे शिकलेली माणसेही धरून चालतात. त्यात या घाटावर बसून अहिल्याबाईंचा दाखला द्यावा, हे तर फारच लागले.

कारण पैशाचे कप्पे वेगळे ठेवण्याचा त्यांच्याइतका स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही. अहिल्याबाईंच्या होळकर घराण्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन हिशेब होते. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. फौज आणि कारभार त्यातून. खासगीचे मूळ 1734 सालचे: बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना वेगळी जहागीर लावून दिली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे त्यांचे दानधर्म या खासगीतून झाले. देवळात रोज पूजा लागते, अन्नछत्रात रोज शिधा लागतो, घाटाचा दगड दर पावसाळ्यात हलतो. म्हणून त्यामागे दरसाल उत्पन्न देणारी गावे होती. घाट बांधणे हा एकदाचा खर्च आणि समोर चाललेले गाळ काढणे हा कायमचा, हा फरक त्यांना ठाऊक होता.

त्या पैशाचे पुढे काय झाले, हे प्रत्येक शाळेच्या कार्यकारिणीने वाचावे. 1948 मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्याबदल्यात सरकारने दरवर्षी कायमचे 2,91,952 रुपये बाजूला काढायचे ठरले. 1962 मध्ये या धर्मादायासाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टवरून पुढे झालेल्या न्यायालयीन प्रकरणात त्याच्या 246 मिळकतींचा उल्लेख आहे. आता भागाकार करा: एका मिळकतीला वर्षाला सुमारे 1,187 रुपये. ठरवताना रक्कम मोठी होती. पण ती आकड्यात बांधली, आणि महागाई थांबली नाही. पुढे काही मिळकती विकल्या गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. जुलै 2022 मध्ये न्यायालयाने मिळकती सरकारच्या आहेत हे म्हणणे फेटाळले, पण हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची नोंदणी करा आणि परवानगीविना झालेल्या विक्रीची चौकशी करा, असे सांगितले.

आता शाळेकडे या. फी जूनपासून हप्त्याहप्त्याने येते, पगार मात्र मे महिन्यातही द्यावा लागतो. निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेला नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी द्यावी लागते. खासगी शाळांतील शिक्षकांचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये कायम केला. तीस वर्षे शिकवलेल्या चार बाई एकाच वर्षी निवृत्त झाल्या, तर ते पैसे त्या वर्षीच्या फीतून काढायचे? शिवाय घसारा, म्हणजे वापराने वस्तूंची दरवर्षी घटणारी किंमत. ताळेबंदात तो लिहिला म्हणजे पैसे साठले, असे कित्येक विश्वस्तही समजतात. ती कागदावरची नोंद आहे. तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत टाकली नाही, तर बाके मोडतील तेव्हा हाती फक्त नोंद उरते.

कायदा काय म्हणतो, यावर शंका घेतली जाते म्हणून सांगते. 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की विनाअनुदानित संस्थेला विकास आणि विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवता येते. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. 2004 मध्ये मॉडर्न स्कूल प्रकरणात, दिल्लीच्या शाळांबाबत, शिक्षण शुल्काच्या 15 टक्क्यांपर्यंत विकास शुल्क मान्य झाले, पण घसारा निधी राखला असेल तरच. प्राप्तिकराचा नियम असा की सूट घेणाऱ्या न्यासाने उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टावर खर्च करावा. उरलेले 15 टक्के राखता येतात. त्याहून जास्त राखायचे तर हेतू लिहून द्यायचा आणि पाच वर्षांत वापरायचे. थोडक्यात, शिल्लक कायद्याला मान्य आहे. ती कोणाच्या घरी गेलेली मान्य नाही.

आणि इथेच पालकांची नजर चुकते. ते शिल्लक शोधतात, खर्च तपासत नाहीत. ज्याला पैसे काढून घ्यायचे आहेत तो शिल्लक दाखवेल कशाला? तो शाळेची इमारत नातेवाइकाच्या नावावर ठेवून बाजारापेक्षा जास्त भाडे देईल, गणवेशाचे, बसचे, 'व्यवस्थापन सल्ल्या'चे कंत्राट घरात ठेवील. वर्षअखेरीला शिल्लक शून्य, पालक खूश. मला भीती अशा शून्याची वाटते.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागांची पूर्ण फी सरकार भरत नाही. सरकारचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च आणि शाळेची फी यांत जे कमी असेल तेवढेच देते. शाळेला जीएसटी नाही हे फीपुरते खरे. सिमेंट, बाके, संगणक घेताना शाळा तो भरते आणि तिला परतावा मिळत नाही. प्रवेशाच्या बदल्यात मागितलेली रक्कम पावतीवर 'देणगी' लिहिल्याने देणगी होत नाही. महाराष्ट्रात 1987 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. फी संस्थाचालक एकटे ठरवत नाहीत. 2011 च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, आणि त्या समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो. शाळेची जमीन विश्वस्तांची नसते. ती विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. खालच्या पायऱ्या आता अर्ध्या मोकळ्या झाल्या होत्या. मग त्यांनी खिशातली छोटी वही काढली.

"इमारतीचं भाडं कोणाला जातं, हे कुठे बघायचं?"

"उत्पन्न-खर्च पत्रकात खर्चाच्या बाजूला रक्कम दिसेल. घरमालक कोण ते कार्यकारी समितीतल्या पालकाला भाडेकरार मागायला सांगा. आणि लेखापरीक्षकाचा अहवाल पूर्ण वाचा, विश्वस्तांशी देणंघेणं आहे का ते त्यात येतं."

त्यांनी ते तिन्ही लिहून घेतले, आणि मग विचारले, "ग्रॅच्युइटीची ठेव आहे का, हेही विचारू ना?"

"ते सगळ्यांत आधी विचारा."