संशोधनाचं मोजमाप – लेखांक ५ : टीकासुद्धा जमेच्याच बाजूला

गेल्या आठवड्यात आपण एच-इंडेक्सचं गणित पाहिलं. ज्याच्या वीस पेपरांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन (इतरांच्या लेखनातले संदर्भ) मिळाली, त्याचा एच-इंडेक्स वीस. हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ बांधव होते. व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकाला तेच माप लावलं की काय होतं, ते सी. के. प्रल्हाद यांच्या उदाहरणावरून पाहू.

प्रल्हाद मूळचे कोइम्बतूरचे. आयआयएम अहमदाबादमध्ये शिकले, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे २०१० मध्ये निधन होईपर्यंत मिशिगन विद्यापीठात शिकवत राहिले. १९९० मध्ये गॅरी हॅमेल यांच्याबरोबर त्यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये कंपनीच्या ‘कोअर कॉम्पिटन्स’वर लेख लिहिला. गूगल स्कॉलरवर या एका लेखाची सायटेशन काही दहा हजारांच्या घरात आहेत. पण एच-इंडेक्सच्या हिशेबात त्याची किंमत इतर कुठल्याही पात्र पेपराइतकीच, म्हणजे एक. शिवाय ज्या नियतकालिकात तो आला, तिथे लेख घ्यायचा की नाही हे संपादक ठरवतात. अनामिक तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेण्याची विद्यापीठीय जर्नलांची रीत तिथे नाही. लेखाखाली संदर्भसूचीही सहसा नसते. थोडक्यात, हे लेख इतरांची सायटेशन भरभरून घेतात आणि स्वतः कुणाला फारशी देत नाहीत. मला हा व्यवहार जरा एकतर्फी वाटतो.

त्या लेखाची सुरुवात जपानची एनईसी आणि अमेरिकेची जीटीई यांच्या तुलनेने होते, आणि एनईसी कशी पुढे गेली हे त्यात कौतुकाने सांगितलंय. पुढे एनईसीचा सेमीकंडक्टरचा धंदा २००२ मध्ये वेगळा काढला गेला आणि २०१० मध्ये रेनेसासमध्ये विलीन झाला. शेअरचा भाव असता तर पडला असता. सायटेशनचा आकडा मात्र सहसा खाली येत नाही. एकदा नोंदलेलं सायटेशन जवळपास कायमचं. उदाहरण जुनं झालं म्हणून ते कुणी वजा करत नाही.

प्रल्हादांचं दुसरं गाजलेलं काम गरिबांच्या बाजारपेठेवरचं. त्यात आपली मुंबई आहे. ॲलन हॅमंड यांच्याबरोबर २००२ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी धारावी आणि श्रीमंत वस्तीचा वॉर्डन रोड इथल्या भावांचा तक्ता दिला. त्यानुसार तेव्हा पाण्यासाठी धारावीकर ३७ पट जास्त मोजत होता. कर्जाचं वार्षिक व्याज तिथे ६०० ते १,००० टक्के, वॉर्डन रोडला १२ ते १८. तांदळात मात्र फरक थोडाच, जेमतेम १.२ पट. गरीब माणूस आधीच जास्त पैसे मोजतोय, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी तिथे उतरावं, त्यात त्यांचाही फायदा आणि त्याचाही, असा त्यांचा युक्तिवाद. २००४ मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि जगभर गाजलं.

विरोध झाला तो प्रल्हादांच्या स्वतःच्याच बिझनेस स्कूलमधून. तिथलेच प्राध्यापक अनील कर्नानी यांनी २००७ मध्ये ‘कॅलिफोर्निया मॅनेजमेंट रिव्ह्यू’त लिहिलं की ही बाजारपेठ सांगितली जाते तेवढी मोठी नाहीच, ते एक मृगजळ आहे, गरिबाकडे ग्राहक म्हणून बघण्यापेक्षा उत्पादक म्हणून बघा, त्याचं उत्पन्न वाढवा. मला कर्नानींचं म्हणणं जास्त पटतं. पण मोजणाऱ्या यंत्राला पटण्या-न पटण्याशी देणंघेणं नाही. कर्नानींनी खोडून काढायला प्रल्हादांचं नाव घेतलं, त्याचीही नोंद प्रल्हादांच्या खात्यात जमा. पुढे कर्नानींवर टीका करणाऱ्यांनी दोघांची नावं घेतली, दोघांचेही आकडे वाढले.

आकडा कुठे पाहिला यानेही फरक पडतो. वेब ऑफ सायन्सचा मुख्य भर निवडक जर्नलांवर. गूगल स्कॉलर पुस्तकं, प्रबंध, परिषदांमधले निबंध, सगळंच गोळा करतं. साहजिकच एकाच माणसाचे दोन ठिकाणचे आकडे कित्येक पटींनी वेगळे दिसतात. आपल्याकडे यूजीसीने २०१० मध्ये एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण आणले तेव्हापासून बढतीच्या फायलीत आकडे भरण्याची सवय पक्की झालीय. तो आकडा कुठून घेतला, हे निवड समितीवर बसणाऱ्यांनी अर्जदाराला जरूर विचारावं.

पुढच्या लेखांकात स्वतःच स्वतःचं सायटेशन देणाऱ्यांविषयी.