आधी भोंगा, मग पावतीपुस्तक

दिवाळीचे कंदील उतरले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे खाली येतात. पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायचा असतो. वसई, भिवंडी, कल्याण, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर पावसाळा तोंडावर येईपर्यंत ही माणसे माती मळतात, विटा थापतात, भट्टी रचतात. मजुरी ठरते ती हजार विटांमागे आणि जोडप्याच्या हिशेबाने. त्या हिशेबात मुलांचे नाव नसते, त्यांचे हात मात्र असतात. ओली वीट उलटून ठेवायला, पाणी भरायला, धाकट्याला कडेवर घेऊन बसायला. कच्च्या विटा आणि पेंढा यांचे जे खोपट उभे राहते त्याला भट्टीवर भोंगा म्हणतात.

या भोंग्यातच शाळा भरवायची, हे धाडस १९९० च्या दशकात वसई तालुक्यातल्या उसगावहून झाले. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद स्थापन केली आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्येच झाला होता, पण मुंबईपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर लग्नासाठी घेतलेल्या किरकोळ कर्जापायी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दारात राबत होती. त्यांना सोडवण्याच्या लढाईतूनच मुलांचा प्रश्न समोर आला. बाप मोकळा झाला तरी मूल भट्टीवर असेल, तर वीस वर्षांनी तोच बयाणा ते घेणार. म्हणून भोंगाशाळा निघाल्या. मुले शाळेपर्यंत पोहोचत नव्हती, तेव्हा शाळाच भट्टीवर गेली. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला.

निधी गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने भोंगाशाळेत एक मोठी अडचण आहे. शाळाच पहिल्या पावसात नाहीशी होते. कोनशिला कुठे बसवायची? देणगीदाराच्या आईच्या नावाची पाटी कुठे लावायची? इमारतीसाठी, बाकांसाठी, संगणकांसाठी हात सैल सोडणारा माणूस उन्हाळ्यानंतर जमीनदोस्त होणाऱ्या वर्गाला पैसे द्यायला कचरतो. तरीही शाळा तिथेच भरवावी लागते, कारण मुले तिथे आहेत. संस्था मुलांच्या सोयीने चालते की देणाऱ्याच्या, याची परीक्षा इतकी सरळ क्वचितच होते.

आजच्या पालघर जिल्ह्यात ही परीक्षा त्याआधी अर्धशतक एकदा झाली होती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक दादरच्या शिशुविहारातून निघून बोर्डीला आल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम त्यांनी केले होते, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. शहरात नाव होते, पालकवर्ग होता. माँटेसरीची साधने मात्र महाग होती आणि गावाला ती कधीच परवडणार नव्हती. ताराबाईंनी त्यासाठी कुणापुढे हात पसरण्याआधी गरजच कमी केली. शंखशिंपले, बिया, खडे, पाने, काटक्या, माती यांतून साधने तयार झाली. बालशिक्षणातल्या या काटकसरीला लोक अजूनही गरिबीची तडजोड समजतात. ती तशी नव्हती. समुद्रकाठच्या मुलाला शिंपला मोजणे लाकडी ठोकळ्यापेक्षा जवळचे होते, आणि उद्या अनुदान थांबले तरी शिंपले थांबणार नव्हते.

बोर्डीत दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तो शब्द देशभर गेला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये हलले आणि अडचणी बदलल्या. मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तान्हे भावंड तिच्या कडेवर होते. मोठा भाऊ गुरांमागे होता. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी झाली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. अभ्यासाआधी मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खरजेवर औषध लावणे ही कामे शिक्षिकाच करत.

त्या शिक्षिकांमध्ये पहिल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, चांदवड तालुक्यातली नोकरी आणि पुण्याच्या हुजूरपागेतली बारा वर्षे. १९४५ मध्ये बोरिवलीच्या कस्तुरबा शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि पस्तिसाव्या वर्षी सारे सोडून त्या बोर्डीला आल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या तरी काम थांबले नाही, कारण अनुताई तोवर अठ्ठावीस वर्षे तेच काम हाताने करत होत्या. अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-नेतृत्वावर निबंध लिहिला आणि त्याची कसोटी सांगितली: ज्यांची सेवा होते ती माणसे त्यातून वाढतात का, अधिक मोकळी होतात का, स्वतः सेवेला उभी राहतात का? व्यवस्थापनाच्या वर्गात ही कसोटी आता शिकवली जाते. कोसबाडने ती निबंध लिहिला जाण्याआधीच लावून पाहिली होती. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, अनुताईंनी प्रा. रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था काढली. डहाणू तालुक्यातल्या ऐने इथे तिची शाळा उभी राहिली.

महाराष्ट्रात देणगी मागण्याची परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्याच भाऊरावांनी साताऱ्याच्या कॉलेजाला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव मोठ्या देणगीच्या बदल्यात बदलायला नकार दिला, ही हकीकत त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या परिवारात आजही सांगितली जाते. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. घरचे सोने मुलांसाठी मोडता येत होते. संस्थेचे नाव मात्र त्यांचे खासगी नव्हते, म्हणून ते विकता येत नव्हते.

आज विकले जाते ते बहुधा मुलांचे दुःख. मळलेला चेहरा, पाणावलेले डोळे, खाली खाते क्रमांक. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची चौकशी किंवा खटला चालू असेल, तर त्याचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण चौकशी नसली म्हणून चेहरा वापरायला मोकळीक मिळते असे नाही. भट्टीवरची मुलगी उद्या सोळा वर्षांची होईल, विरारच्या कॉलेजात जाईल, आणि तिचे ते छायाचित्र कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याने तिच्या त्या दिवसाचा विचार आधी करायला हवा.

पैशाच्या वाटाही बदलल्या आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून परदेशी निधीचा वाटा मिळवणाऱ्या पाड्यावरच्या छोट्या संस्थांना याची झळ थेट बसली. नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचा कंपनी कायद्यातला नियम पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्यांना लागतो. वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याचे बहुतेक औद्योगिक गाळे या मर्यादेच्या फार खाली आहेत. तिथला मालक देतो ते स्वतःच्या मनाने.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर १२ लाखांवर गेले. ही वस्ती ज्या भिंतींच्या आत राहते त्यांच्या विटा कुणीतरी थापल्या. म्हणून इथे मागितला जाणारा पैसा दयेपेक्षा देण्याच्या जवळचा आहे, आणि तो कशासाठी द्यायचा हेही स्पष्ट आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावची शाळा शिक्षण हमी पत्रक देते, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते. पण नोव्हेंबरात भट्टी-भट्टी फिरून ही मुले शोधणारे, आईबापांशी बोलणारे, मुख्याध्यापकांना भेटणारे आणि मुलगा दोन दिवस आला नाही तर पुन्हा भोंग्यावर जाणारे माणूस हवे. त्याचे सात महिन्यांचे मानधन आणि दुचाकीचे पेट्रोल, या खर्चावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. तो खर्च आधी उचलावा, आणि हंगाम संपताना विचारावे की यादीतली किती मुले जूनमध्ये गावच्या शाळेत पुढच्या इयत्तेत बसणार आहेत.