अर्क वेगळा, तेल वेगळं

पुदिना अँटिऑक्सिडंटही आणि जंतुनाशकही, असं पाकिटांवर सर्रास छापलेलं असतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं संशोधन चाळलं, तर ही दोन कामं बहुतांशी निरनिराळ्या द्रव्यांची असल्याचं दिसतं.

तेलाची ओळख जुनी. त्यातलं मेन्थॉल, म्हणजे आपलं पुदिन्याचं फूल, १७७१ साली डच वैद्य गाउबियस यांनी वेगळं केलं. हे फूल, कापूर आणि ओव्याचं फूल एका बाटलीत घातलं की पाण्याचा थेंबही न घालता तिन्हींचं पाणी होतं, तीच अमृतधारा.

पानातल्या अँटिऑक्सिडंट, म्हणजे फिनॉलिक, द्रव्यांकडे लक्ष गेलं ते बरंच नंतर. १९५८ साली इटलीत रोझमेरीतून रोझमॅरिनिक आम्ल वेगळं झालं. पुदिन्यातही ते असतं. त्याच वर्षी मार्सडेन ब्लॉइस यांनी अँटिऑक्सिडंट ओळखण्याची डीपीपीएच चाचणी मांडली. जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा. रंग उतरून पिवळट झाला की पास. इतकी स्वस्त, सोपी चाचणी हाती आल्यावर शोधनिबंधांचं पीक न येतं तरच नवल! पण परीक्षानळीत रंग उतरला म्हणून शरीरातही तेच घडेल असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांची अँटिऑक्सिडंट-आकडेवारी २०१२ मध्ये मागे घेतली, त्यामागे हेच होतं. जाहिरातदारांनी मात्र ते मनावर घेतलं नाही.

जंतू मारण्याचं काम मात्र तेलाचं: ते जंतूंच्या पेशीपटलात घुसून ते पटल सैल करतं. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, म्हणून ते सहसा दाद देत नाहीत. त्यांतला स्यूडोमोनास तर पक्का कोडगा.

मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं ते तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं काम. तिथे २००७ मध्ये विकिरण-प्रक्रिया केलेल्या मटणात पुदिन्याचा अर्क वापरला, तेव्हा चरबी खवट होणं लांबलं. पण जंतूंवर अर्क फिका पडला. तो फिका पडला, हे तिथल्याच २००८ च्या निबंधात सरळ लिहिलं आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानचं नेमकं उलट होतं: जंतूंवर जालीम, खवटपणावर दुबळं. दोन्ही मिसळून लावल्यावर डुकराच्या मांसाची सलामी ०–३ अंश सेल्सिअसला तीन आठवडे टिकली.

उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या मेंथा-भट्ट्यांत पुदिन्याचं तेल काढतात, तेव्हाही वाफेबरोबर वर चढतं ते फक्त तेल. रोझमॅरिनिक आम्ल उडून जाणारं नाही. ते खालच्या पाण्यात आणि चोथ्यातच राहतं, आणि तो चोथा वाळवून पुन्हा त्याच भट्टीत जाळतात.