उंसाची ट्रॉली आणि उतार

उंसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे ट्रॅक्टर चढावर किती ओढतो, याचीच चर्चा शेतकरीबंधूंत होते. परंतु खरी परीक्षा उतारावर असते. तेथें भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि तिला स्वतःचे ब्रेक नसल्यास सारा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकांवर येतो. दोन ट्रॉल्या असतील तर बोलावयासच नको. म्हणून उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. डिझेल वांचविण्याकरितां न्यूट्रलमध्यें सोडणें हा आत्मघातच होय. शेतांत वळण्यासाठीं सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर येतांच कडीनें एकत्र जोडावे; एकच चाक आवळलें तर ट्रॅक्टर आडवा फिरतो.

दोन चाकी ट्रॉलींत मोळ्या मागेंच रचल्यास दांडी वर उचलते व ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. वजन आंसाच्या किंचित् पुढें असावें. दांडी खालच्या हुकासच जोडावी, उंच जोडल्यास ओढतांना पुढचीं चाकें उचलतात.

मागील लाल रिफ्लेक्टर कांहींनीं लावलेले असतात खरे. पण लोंबणाऱ्या वाढ्यानें ते झांकले जातात. निघण्यापूर्वीं एकदां मागें जाऊन पाहावें.