पर्यावरण शिकून करणार काय?

पिस्कॅटवेत चार मराठी घरं जमली की मुलांच्या शिक्षणाचा विषय निघतोच. ‘कॉम्प्युटर’ म्हटलं की सगळे निश्चिंत. ‘पर्यावरण’ म्हटलं की कपाळावर आठ्या. आमच्या एका स्नेह्यांची मुलगी यंदा रटगर्समधून याच विषयात पदवी घेतेय. कॉलेजचं कर्ज फिटेल का, ही आईबाबांची काळजी.

तिला विचारलं, नेमकं शिकलीस काय? माती-पाण्याचं रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, उपग्रहाच्या नकाशांवर काम, पर्यावरणाचे कायदे! उन्हाळ्याच्या सुटीत तिने रॅरिटन नदीच्या पाण्याचे नमुने तपासले, पावसाचं पाणी जिरवणाऱ्या बागा आखायला मदत केली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळात हीच नदी काठच्या गावांत घराघरांत शिरली होती. तेव्हा हे काम काही हौसेचं नव्हे.

सुरुवातीचा पगार आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा कमी असेल, हे खरंच. पण याच रटगर्समध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करताना १९४३ मध्ये क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ‘माती चिवडून काय मिळणार?’ असं तेव्हाही कुणी म्हणालं असेलच!

म्हणून पालकांनो, पदवीच्या नावावर जाऊ नका. मुलं कोणते विषय शिकली, सुटीत कुठे राबली, ते आधी विचारा.